वेदना आणि मणक्याची फेलोशिप : समज आणि वस्तुस्थिती

पुण्यातील दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘स्पाइन अँड पेन’ हे शब्द जोडीने दिसू लागल्यामुळे ही एकच विद्याशाखा असावी, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः मणक्याची शस्त्रक्रिया हे अस्थिशल्यचिकित्सा किंवा मेंदू-मज्जासंस्थेची शल्यचिकित्सा शिकलेल्यांचे क्षेत्र असून, वेदनाचिकित्सेकडे वळणारे डॉक्टर बहुधा भूलशास्त्रातून येतात. या शाखेचा पाया घालणारे जॉन बोनिका हेही भूलतज्ज्ञच होते.

सर्व फेलोशिप सारख्याच, हा दुसरा गैरसमज. फेलोशिप म्हणजे पदव्युत्तर शिक्षणानंतर एखाद्या मर्यादित विषयात घेतलेले प्रशिक्षण. मात्र राष्ट्रीय परीक्षा मंडळाची मणक्याच्या शस्त्रक्रियेतील फेलोशिप दोन वर्षांची असते, ज्याच्याशी पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय संलग्न आहे ते नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्वतःचे फेलोशिप अभ्यासक्रम चालवते, आणि काही खासगी संस्था थोड्या आठवड्यांच्या वर्गालाही तेच नाव देतात. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार एखाद्या शाखेतील विशेष अर्हता नसलेल्या डॉक्टराला स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही, ही गोष्ट पाट्या रंगवताना सोयीस्करपणे विसरली जाते.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की, या प्रशिक्षणाचे भवितव्य नवनव्या सुया आणि यंत्रांत आहे. ‘गादी सरकली’ हे निदान रुग्णाला धास्तावून अशा उपचारांकडे ढकलते. परंतु २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, पाठदुखी नसलेल्या विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातील सुमारे ८४ टक्के व्यक्तींच्या सीटी वा एमआरआय चित्रांतही मणक्यांमधील चकती, म्हणजेच गादी, फुगलेली आढळते. पुढे २०२५मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकातील तज्ज्ञगटाने, कर्करोग वा दाहक संधिविकाराशी निगडित नसलेल्या दीर्घकालीन मणकेदुखीत एपिड्युरल इंजेक्शन (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत दिलेले औषध) आणि रेडिओफ्रीक्वेन्सी (उष्णतेने वेदनावाहक चेता निकामी करणे) यांसारख्या उपचारांविरुद्ध ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिला आक्षेप घेतला असून वाद मिटलेला नाही. तथापि सुई कोठे टोचावी याइतकेच ती केव्हा टोचू नये हे न शिकवणारा अभ्यासक्रम यापुढे अपुराच मानावा लागेल. सुईपलीकडच्या औषधोपचारांचेही तसेच : कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली, पण ते निर्धास्तपणे व नेमक्या मात्रेत लिहून देणारे डॉक्टर प्रशिक्षणातूनच घडतात.

उपचार स्वीकारण्यापूर्वी डॉक्टरांची फेलोशिप कोणत्या संस्थेची व किती काळाची आहे, हे रुग्णाने निःसंकोच विचारावे आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहावी.