217 अंशांच्या पुढे

टेबलावर एक बाद बोर्ड आहे. नव्या डिझाइनचाच, सगळे भाग बसवलेला. पण एक ट्रॅक तुटलेला, म्हणून विक्रीतून काढलेला. सोनईतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये पाणबुडी मोटारींचे मोबाइल स्टार्टर तयार होतात. शेतकरी घरून फोन लावतो आणि विहिरीवरची मोटार चालू होते. बाहेरून मुळा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज येतो आहे. टेबलाशी डिप्लोमा झालेली एक मुलगी बसली आहे. शेडचे मालक, ज्यांना इथे सगळे भाऊ म्हणतात, तिच्या मागे उभे आहेत.

खरे बोर्ड ओव्हनमध्ये जाण्याआधी ती या बाद बोर्डाला तीन थर्मोकपल लावते आहे. दोन वेगळ्या धातूंच्या बारीक तारा, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं, एका अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट, आणि त्यावरून तापमान कळतं. एक टोक कडेच्या इवल्याशा रेझिस्टरपाशी, दुसरं सिमच्या मॉड्यूलपाशी, तिसरं व्होल्टेज रेग्युलेटरच्या रुंद तांब्यावर. प्रत्येकावर ती उष्णता सोसणारी पिवळी टेप नखाने घासून बसवते.

"टोक उचललं गेलं तर हवेचं तापमान दाखवेल," ती सांगते.

ओव्हनचा ड्रॉवर आत जातो. लॅपटॉपवर तीन रेघा चढू लागतात. रेझिस्टरची सगळ्यांत पुढे, रेग्युलेटरची मागे रेंगाळते. रुंद तांबं आलेली उष्णता पसरवून टाकतं. ओव्हनच्या डिस्प्लेवर 245 अंश येतात. रेझिस्टर 243, मॉड्यूल 231. रेग्युलेटर 214 वर थांबतो आणि उतरू लागतो.

"राहिला," भाऊ म्हणतात.

तीन अंशांनी राहिला. इथली सोल्डर पेस्ट बिनशिशाची आहे: 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ती 217 अंशांना वितळू लागते. कथील-शिशाचं जुनं सोल्डर 183 लाच वितळायचं. शिसं विषारी, म्हणून युरोपने 1 जुलै 2006 पासून विजेच्या उपकरणांत त्यावर कडक मर्यादा आणली. पुढे आपल्या ई-कचरा नियमांतही ती आली. झालं ते योग्यच, पण काम अवघड झालं. खाली 217 ची अट, आणि वर बरेचसे सुटे भाग 250-260 च्या पुढे तग धरत नाहीत.

ती बोर्ड भिंगाखाली धरते. रेझिस्टरचं सोल्डर पॅडवर एकसंध पसरलं आहे. रेग्युलेटरपाशी मात्र करडे, रवाळ कण तसेच. ड्राय सोल्डर. असा बोर्ड टेस्टिंगला पासही होतो. मग तो विहिरीवरच्या पेटीत जातो, दुपारी तापतो, पहाटे गार पडतो, कॉन्टॅक्टर बसला की हादरतो, आणि एक दिवस सांधा सुटतो. शेतीची लाइट रात्रीची असेल, तर माणसाला बॅटरी घेऊन उसातून जावं लागतं. या पट्ट्यातल्या उसात बिबट्या आहे. तीन अंशांची किंमत ही अशी असते.

"आच वाढवली तर?" मी विचारतो.

भाऊ मान हलवतात. "काहिलीखाली एकदम जाळ केला तर तळ करपतो, वरचा रस कच्चाच राहतो. इथंही तेच. रेझिस्टर 270 ला जाईल, कनेक्टरचं प्लास्टिक वाकेल."

उपाय मधल्या टप्प्यात आहे. 150 ते 180 अंशांदरम्यान बोर्ड 70 सेकंद राहत होता. ती ते 100 करते. तेवढ्यात मागचं तांबं बाकीच्यांना गाठेल. याहून फार लांबवता येत नाही, कारण धातूवरचा ऑक्साइड साफ करणारा फ्लक्स वितळण्याआधीच संपून जातो. शिखर ती तेवढंच ठेवते, फक्त तिथला मुक्काम थोडा वाढवते.

दुसरी फेरी. 170 च्या आसपास तिन्ही रेघा जवळ येतात आणि तिथून बरोबरीने चढतात. रेझिस्टर 246, मॉड्यूल 240, रेग्युलेटर 235. या वेळी 217 च्या वर रेझिस्टर 72 सेकंद राहिला, रेग्युलेटर 51. साधारण 45 ते 90 सेकंद हवेत. ड्रॉवर ती लगेच ओढत नाही. झपाट्याने गार केलं तर सिरॅमिक कपॅसिटरला तडा जाऊ शकतो.

"भरलेल्या ड्रॉवरवर पण घे," भाऊ सांगतात. बोर्ड जास्त असले की उष्णता वाटली जाते, म्हणून आणखी एक फेरी होते आणि काही सेकंद पुन्हा बदलतात.

मग ग्राफची प्रिंट ओव्हनच्या झाकणावर लागते. खाली बोर्डाचा नंबर, पेस्टचा प्रकार, तारीख. शेजारी जुन्या बोर्डांचे ग्राफ आहेत, प्रत्येकाचा चढ निराळा.

"सोलर पंपाच्या कंट्रोलरचं काम आलं तर?"

"परत तारा लावायच्या," ती म्हणते. "डिस्प्लेचा आकडा ओव्हनचा. बोर्डाचं तापमान बोर्डावरच मोजायचं."

मोठ्या कारखान्यांत आठ-दहा झोनचे लांबलचक ओव्हन असतात. इथे टेबलावरचा एक ड्रॉवर आहे. तसा ओव्हन या शेडला परवडणार नाही, थर्मोकपल परवडतात. सांध्याचं तापमान सांध्यापाशी मोजलं जात असेल, तर तो माल खेड्यात झाला म्हणून कमी प्रतीचा समजायचं काही कारण नाही.