गिअर किती, यापेक्षा दाते किती?

आमच्या धाकट्याला शहाद्याहून तोरणमाळला सायकलने जायचे आहे. तोरणमाळ सुमारे 1150 मीटर उंचीवर, सातपुड्यातला घाट दम काढणारा. दुकानात आम्ही गिअरची संख्याच विचारत बसलो. मिस्त्री म्हणाले, “भाभी, गिअर नका मोजू, दाते मोजा.”

हिशेब सोपा आहे. पुढच्या चकतीच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचे. पुढे 44 आणि मागे 18 असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीवर हे ठीक, घाटात मात्र गुडघे दुखतात. पुढे 24 आणि मागे 28 असतील, तर चाकाचा एक फेराही पूर्ण होत नाही. वेग कमी, पण चढ हलका.

पुढे एकच 32 ची चकती आणि मागे 51 दात्यांपर्यंतची कॅसेट याहून हलकी चालते, पण महाग पडते. आम्ही पुढे तीन चकत्यांची साधी सायकल घेतली. ती आमच्या मिस्त्रींना दुरुस्त करता येते.

लेकाला एवढेच बजावले: चढ लागण्याआधी गिअर बदल, पायडलवर जोर असताना बदललास तर चेन उतरेल. वाचलेल्या पैशांत हेल्मेट आणि चांगले ब्रेक घेतले. घाट चढला की उतरायचाही असतो!