पिकअप पहाटे चालू होत नाही? कार्बोरेटर बदलण्याआधी चोक बघा



बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या संस्थेच्या जुन्या जिप्सी पिकअपने आम्हाला कसे दगा दिले ते जेटीवरच्या बऱ्याच जणांनी बघितले. पहाटे चारला बांगड्याचे क्रेट भरले, वर बर्फ घातला, आणि गाडी काही चालू होईना. ड्रायव्हरने सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली. मग धक्का, मग दुसरी गाडी शोधणे. म्हापशाला पोचेपर्यंत बाजार अर्धा उठलेला. नुस्ते नरम पडले, भाव पडला, आणि ज्यांचा माल होता त्यांच्या बायकांनी आम्हाला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. बोलणे रास्तच होते.

नंतर एका गॅरेजवाल्याने सांगितले, कार्बोरेटर गेला, बदला. आम्ही खर्चाला घाबरून आधी झाकण उघडले. कार्बोरेटर धडधाकट होता. चोकची वायर जिथे लिव्हरला आवळलेली असते तिथला बारीक स्क्रू सैल झाला होता. आत डॅशबोर्डाचा खटका बाहेर येत होता, पण तिकडे इंजिनावर काहीच हलत नव्हते. म्हणून हे लिहितो, कारण तशा जुन्या पेट्रोल गाड्या, जिप्सी म्हणा, ओम्नी म्हणा, आपल्या लोकांकडे अजून आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिझेल पिकअपला कार्बोरेटर नसतो आणि चोकही नसतो. जुन्या डिझेल जीपला ओढायचा खटका असतो तो इंजिन बंद करायचा. तो चोक समजून ओढून सेल्फ मारणारे आम्ही डोळ्याने बघितले आहेत. गाडी कशी चालू होणार?

चोक करतो काय, तर थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरेचसे आतल्या थंड भिंतींना चिकटून राहते. म्हणून सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागते. कार्बोरेटरच्या तोंडावर एक गोल पात असते. खटका ओढला की ती आडवी होऊन तोंड बंद करते, हवा अडते आणि ओढ वाढून पेट्रोल जास्त खेचले जाते. त्याच लिव्हरला जोडून रेसही थोडी वाढते. इंजिन तापले की पात परत उभी, म्हणजे पूर्ण उघडी व्हायला हवी. आपल्याकडे थंडी अशी कितीशी, डिसेंबरातली पहाट सोडली तर अर्धा चोक आणि एक-दोन मिनिटे पुरतात.

बिघाड दोन तऱ्हेचे. पात बंद होत नाही, तेव्हा थंड गाडी चालू होत नाही, पण एकदा झाली की दिवसभर छान चालते. हे निदान कळायला सोपे. दुसरा बिघाड वाईट, कारण गाडी चालू होते आणि आपण दुर्लक्ष करतो. पात अर्धी बंदच अडकते. काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काजळीने काळे, पेट्रोल पाण्यासारखे जाते. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते, आणि रिंगा झिजतात. पुढे इंजिनच उघडावे लागते.

१ जून ते ३१ जुलै बंदी. त्या दोन महिन्यांत बऱ्याच पिकअप जेटीच्या बाजूला खाऱ्या हवेत आणि पावसात उभ्या. चोकची वायर आतून गंजते, कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल उडून चिकट राळ राहते, आणि पातीचा दांडा त्यात धरतो. आता पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून उभ्या गाडीचा त्रास आणखी वाढला आहे.

आता काम. इंजिन गार हवे, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, आणि जवळ विडी-सिगरेट अजिबात नको. एअर फिल्टरचे झाकण काढा. एकाला आत बसवून खटका ओढायला सांगा आणि तुम्ही पात बघा. काही कार्बोरेटरला दोन तोंडे असतात, चोकची पात एकालाच असते, तेव्हा दुसरी शोधत बसू नका. पात हलत नसेल तर वायर सोडून लिव्हर बोटाने हलवा. बोटाने सहज फिरली तर दोष वायरचा. जड असेल तर दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्बोरेटर क्लीनर मारा आणि लिव्हर पुढे-मागे करत राहा, राळ सुटेपर्यंत. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसते. पात दांड्याला दोन बारीक स्क्रूनी धरलेली असते. ते घट्ट आहेत ना बघा, कारण सुटून आत पडले तर थेट इंजिनात जातात.

वायरला थोडे पातळ ऑइल सोडून चालते का बघा. तारा तुटलेल्या किंवा गंजलेल्या असतील तर ऑइल पाजत बसू नका, नवी घाला. महाग वस्तू नाही. घालताना तिला तीव्र वळण देऊ नका आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा.

आवळणे हेच आमचे चुकले होते. खटका पूर्ण आत ढकला, पात पूर्ण उभी ठेवा, वायरला अगदी किंचित ढिलाई सोडा, मग स्क्रू आवळा. ताणून आवळली तर चोक कायम थोडा लागलेलाच राहतो. पिळून आवळली तर तारा कापतात. मग खटका ओढून पात पूर्ण मिटते ना आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत येते ना, दोन्ही तपासा.

पहाटेच वायर तुटली तर? फिल्टर जागेवर ठेवून लिव्हर बाहेरून बोटाने ढकलून धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. लुंगी, गमछा, बाही पंख्यापासून लांब. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायची जी सवय काहींना आहे ती कृपा करून सोडा. इंजिनाने उलटा भडका मारला की तोंड भाजते. आणि चोक जास्त होऊन प्लग भिजले, तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, बॅटरी वाचेल.

होडीच्या आऊटबोर्डलाही हेच लागू. तिथे चोकचा खटका मिठाने लवकर धरतो. रॉकेलवर चालणारे मशीन किनाऱ्याला आणताना बंद करण्याआधी पेट्रोलवर घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल असते आणि दोरी ओढून खांदा दुखत नाही.

येत्या मे महिन्याच्या शेवटी संस्थेच्या पिकअपचे पेट्रोल बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवणार आहोत, आणि वायरला ऑइल देऊन गाडी शेडमध्ये लावणार. ज्यांना आपली गाडी त्याच दिवशी आणायची असेल त्यांनी आणावी, पाने आणि क्लीनर आमच्याकडे असेल.