संशोधनाच्या मुक्त भांडारात नेमकं असतं काय?

पीएचडी करणारे विद्यार्थी असोत, महाविद्यालयातले प्राध्यापक असोत की निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहायला बसलेले शिक्षक, मुक्त संशोधन भांडारांचा विषय काढला की ठरावीक उत्तर मिळतं. "तिथे विज्ञानाचे इंग्रजी शोधनिबंध असतात, आपल्या काय कामाचं?" हा समज पक्का बसला आहे. त्यामुळे आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांविषयी झालेलं कितीतरी काम मराठी वाचकाच्या नजरेआड राहतं. कुणीही घरबसल्या, एक पैसाही न मोजता पाहू शकेल असं हे काम आहे.

गैरसमज : तिथे शोधनिबंधांपलीकडे काही नसतं

सुरुवात शोधनिबंधांपासून झाली, हे खरं. भौतिकशास्त्रज्ञ आपले लेख छापून येण्याआधीच एकमेकांना टपालाने पाठवत असत. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत याच कामासाठी संगणकावरची सोय उभी केली. तिचंच पुढे 'अर्काइव्ह' झालं. आज ते कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे आणि त्यात वीस लाखांहून जास्त लेख आहेत.

नंतरची भांडारं मात्र निराळ्या विचाराने उभी राहिली. युरोपातल्या सर्न या संस्थेने २०१३ मध्ये 'झेनोडो' सुरू केलं. प्राचीन अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस, त्याच्यावरून हे नाव घेतलं आहे. तिथे काही जमा करायला गेलं की ते कोणत्या प्रकारचं आहे हे नोंदवावं लागतं. लेख, डेटा, संगणकाचा प्रोग्रॅम, परिषदेत लावलेलं पोस्टर, व्याख्यानाच्या स्लाइड, छायाचित्र, चित्रफीत, शिकवण्याचं साहित्य अशी ती यादी आहे. सर्वेक्षणाची कोरी प्रश्नावली तिथे ठेवता येते आणि अपेक्षित निष्कर्ष न निघालेल्या प्रयोगाच्या नोंदीही ठेवता येतात. अशा प्रयोगांना नियतकालिकं सहसा जागा देत नाहीत. मग तोच प्रयोग दुसऱ्या गावात दुसरा कुणीतरी पुन्हा करतो आणि त्याचीही वर्षं त्यात जातात. फसलेला प्रयोग जपून ठेवण्याची सोय मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

नुसत्या कच्च्या नोंदींचा काय उपयोग, असं ज्यांना वाटतं त्यांनी नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीचं उदाहरण पाहावं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही रेडिओ दुर्बीण पुण्याची एनसीआरए ही संस्था चालवते. निरीक्षणाचा डेटा आधी काही काळ ज्याने वेळ मागितला त्या शास्त्रज्ञापुरता राखून ठेवतात. ती मुदत संपली की तो सगळ्यांना खुला होतो. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची मोठी पाहणी केली. इतक्या कमी वारंवारतेवर पृथ्वीचं आयनांबर लहरी वेड्यावाकड्या करतं, त्यामुळे स्वच्छ प्रतिमा मिळवणं जिकिरीचं असतं. पुढे पाहणीच्या मूळ गटाबाहेरच्या खगोलशास्त्रज्ञांनी भांडारातल्या त्याच नोंदी घेतल्या, आयनांबराचा परिणाम काढून टाकणाऱ्या नव्या पद्धतीने त्या पुन्हा सोडवल्या आणि २०१६ मध्ये निकाल सर्वांसाठी खुला केला. त्यात आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि जवळपास सव्वासहा लाख रेडिओ स्रोतांची यादी आहे. त्यासाठी दुर्बीण पुन्हा एकदाही आकाशाकडे वळवावी लागली नाही. नोंदी नीट जपलेल्या आणि खुल्या होत्या, म्हणूनच हे जमलं.

गैरसमज : सगळं इंग्रजीत आणि विज्ञानाचंच असतं

हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो खोडून काढणारी सामग्री आपल्या बायाबापड्यांनीच दिलेली आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटव्हां या दोघांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे संकलन एक लाखाच्या वर गेलं. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काही हजार ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. हे ध्वनिमुद्रण सुमारे १२० तासांचं आहे. ते फ्रान्समधल्या भाषाविषयक सामग्रीच्या भांडारातही जमा केलेलं आहे. २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' या संकेतस्थळाने या ओव्या अनुवाद, छायाचित्रं आणि ध्वनिफितींसह वाचकांपुढे आणायला सुरुवात केली.

या संग्रहात ओवी एकटी येत नाही. ती म्हणणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, तालुका, ओवीचा विषय यांची नोंद सोबत असते. त्यामुळे सीतेवरच्या ओव्या वेगळ्या काढता येतात, बाबासाहेबांवरच्या वेगळ्या. एकच कल्पना दोन तालुक्यांत कशी बदलते तेही पाहता येतं. पिठाची गिरणी गावात आली आणि जात्यावर बसणं थांबलं, तसं हे गाणंही थांबत गेलं. ज्या बायकांची नावं एरवी रेशनकार्डापलीकडे कुठे गेली नसती, त्या इथे आपापल्या ओवीच्या धनी म्हणून नोंदल्या गेल्या आहेत.

मराठीसाठी अशी आणखीही ठिकाणं आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलींच्या सर्वेक्षणात लोकांच्या बोलण्याचे नमुने आणि कोणता शब्द कुठे वापरतात याचे नकाशे मिळतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शब्द टाकून शोधता येतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने दुर्मीळ जुनी पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून ठेवले आहेत. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं स्वतःचं भांडार आहे.

आणि आहे 'शोधगंगा'. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधाची डिजिटल प्रत तिथे देणं बंधनकारक केलं. आज तिथे भारतभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत आणि मराठीत लिहिलेले प्रबंधही भरपूर आहेत. प्रबंध उघडला की एकच मोठी फाइल दिसत नाही. शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण अशा सुट्या फाइली ओळीने लावलेल्या असतात. बहुतेक जण प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचून बाहेर पडतात. माझं सांगणं आहे की शेवटची, परिशिष्टाची फाइल आधी उघडा. लोकसाहित्यावर, एखाद्या जमातीवर, तमाशावर किंवा गावाच्या यात्रेवर काम केलेलं असेल, तर मुलाखती, गोळा केलेली गाणी, कागदपत्रांच्या प्रती आणि छायाचित्रं तिथेच सापडतात. प्रबंधातला युक्तिवाद पुढे जुना होईल. परिशिष्टातली ऐंशी वर्षांच्या कलावंताची मुलाखत पुन्हा कुणालाच घेता येणार नाही.

गैरसमज : भांडारात आहे म्हणजे ते सिद्ध झालेलं आहे

हा समज इतरांपेक्षा धोक्याचा आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी जीवशास्त्राच्या 'बायोअर्काइव्ह' या भांडारात दिल्लीतल्या संशोधकांचा एक लेख आला. नव्या करोना विषाणूत एचआयव्हीशी विलक्षण साम्य असलेले तुकडे आहेत, असा त्यात दावा होता. लेख वाऱ्यासारखा पसरला. असे छोटे तुकडे इतर अनेक जीवांतही आढळतात, हे तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिलं आणि लेखकांनी दोनच दिवसांत तो मागे घेतला. 'मागे घेतला' अशा शेऱ्यासह तो लेख आजही तिथे पाहता येतो. अफवा मात्र त्या शेऱ्याशिवाय फिरत राहिली.

याच्या अगदी उलट उदाहरण गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांचं. गणितातल्या प्वांकारेच्या अनुमानाची सिद्धता देणारे तीन लेख त्यांनी २००२-०३ मध्ये अर्काइव्हवर ठेवले. कुठल्याही नियतकालिकाकडे ते त्यांनी पाठवलेच नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी पुढची काही वर्षं ओळ न् ओळ तपासून सिद्धता बरोबर असल्याचं सांगितलं.

दिल्लीचा लेख आणि पेरेलमन यांचे लेख भांडारात ठेवले गेले तेव्हा त्यांचा दर्जा एकच होता. ते सगळे प्रीप्रिंट होते, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीचे लेख. भांडाराचे लोक विषय बरोबर आहे का, मजकूर निव्वळ निरर्थक तर नाही ना, अशा प्राथमिक गोष्टीच बघतात. प्रबंध परीक्षकांकडून आणि तोंडी परीक्षेतून गेलेला असतो. पोस्टर आणि स्लाइड सहसा अशा कसाला लागलेल्याच नसतात. झेनोडोवर मिळणारा डीओआय क्रमांकही दर्जाचा शिक्का नसतो. ती वस्तू पुढेही सापडावी यासाठी दिलेला तो कायमचा पत्ता असतो. म्हणून काहीही उघडलं की ते कोणत्या प्रकारचं आहे, कितवी आवृत्ती आहे आणि मागे घेतल्याचा शेरा आहे का, हे आधी पाहायचं आणि मगच पुढे पाठवायचं.

गैरसमज : फुकट म्हणजे चोरीचं किंवा बेवारस

लेखकाने स्वतः तयार केलेली प्रत भांडारात ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात. काही वेळा अमुक महिने थांबण्याची अट असते. बऱ्याच भांडारांत नोंदीसोबत परवान्याची ओळ असते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा एखादा परवाना फक्त श्रेय द्या म्हणतो, एखादा व्यापारी वापराला मनाई करतो, तर एखादा बदल करू देत नाही. परवान्याची ओळच नसेल तर वाचायला हरकत नाही, पण पुस्तकात छापण्याआधी विचारलं पाहिजे.

उघड्यावर ठेवलं की कल्पना चोरीला जाते, ही भीतीही मार्गदर्शकांकडून वारंवार ऐकू येते. भांडारात जमा केल्याची तारीख नोंदली जाते आणि तीच प्रथम कुणी मांडलं याचा पुरावा ठरते. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या प्रबंधातून उचलेगिरी झाली तर ती उघडकीला येणं अवघड असतं. खुल्या प्रबंधाशी मात्र कुठलाही मजकूर ताडून पाहता येतो.

गैरसमज : शोधून मिळालं नाही म्हणजे ते नाहीच

मराठीत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेले आहेत किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. डोळ्यांना पान स्वच्छ देवनागरी दिसतं, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी बाहेर पडते, नाहीतर काहीच पडत नाही. यंत्रालाही तेवढंच दिसतं, त्यामुळे शोध रिकामा येतो. शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात. म्हणून 'धनगर', 'ओवी', 'कीर्तन' असा कोणताही विषय असो, तो तिन्ही प्रकारे टाकून बघावा. रोमनमध्ये स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी करावं. तरीही हाती काही लागलं नाही, तर विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शक या क्रमाने यादी चाळावी.

आणि जे स्वतः काही जमा करणार आहेत, मग ती गावातल्या शिलालेखांची छायाचित्रं असोत की आजीने सांगितलेल्या औषधी वनस्पतींच्या नावांची यादी, त्यांनी मजकूर युनिकोडमध्येच द्यावा. शीर्षक देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत लिहावं. गाव, तालुका आणि तारीख नोंदवावी आणि ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांची संमती घेऊन त्यांचं नाव द्यावं. झेनोडोवर खातं उघडायला पैसे पडत नाहीत आणि पीएचडी असण्याची अटही नाही.