गाडी स्वच्छ ठेवा, मुक्या जिवाला दूर लोटू नका

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना घाटाच्या अलीकडे वैशाखरे हे गाव लागते. याच परिसरातून नाणेघाटाची प्राचीन वाट वर चढते. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराचा माल जनावरांच्या पाठीवरून या वाटेने जुन्नरकडे जात असे. आज खालच्या रस्त्यावर जीप, इको आणि पिकअप धावतात. मुरबाड-शहापूर भागातील आपल्या समाजाचे तरुणही कर्ज काढून अशी गाडी घेतात व तिच्यावर संसार चालवतात.

गाडी एक आणि कामे अनेक. सकाळी प्रवासी, दुपारी आजारी करडू जनावरांच्या दवाखान्यात, सुट्टीच्या दिवशी घरच्या कुत्र्यासह सारे कुटुंब. मग सीटवर केसांचा थर बसतो. प्रवासी भगिनीच्या साडीला केस चिकटले की पुढच्या वेळी ती दुसरी गाडी पाहते. भाडे कमी झाले की कर्जाचा हप्ता थकतो. म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये.

हे केस झाडूने का निघत नाहीत? कुत्र्याचा आखूड, ताठ केस सुईसारखा कापडाच्या विणीत शिरतो. शिवाय कोरड्या हवेत घर्षणाने विजेचा भार तयार होतो आणि केस कापडाकडे ओढला जातो. प्लॅस्टिकचा कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरला की कपटे चिकटतात, तोच हा प्रकार. झाडू मारला तर केस उडून दुसऱ्या सीटवर बसतो.

उपाय सोपा व कमी खर्चाचा आहे. गाडी सावलीत उभी करून सर्व दारे उघडावीत. नाकातोंडावर रुमाल बांधावा. पायपुसण्या बाहेर काढून झटकाव्यात. मग रबरी हातमोजा घालून तो किंचित ओला करावा आणि सीटवरून एकाच दिशेने, आपल्याकडे ओढत फिरवावा. केसांची गुंडाळी होऊन वर येते, ती हाताने उचलावी. हातमोजा नसेल तर फरशीचे पाणी ओढण्याचा छोटा रबरी वायपर किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा स्वच्छ तुकडाही चालतो. खालच्या गालिच्यावर कडक ब्रश वापरावा, फटींत जुना टूथब्रश घालावा. उरलेले केस चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून टिपावेत. व्हॅक्यूम मशीन मिळाले तर तेही केस असे सैल केल्यानंतरच फिरवावे. रेक्झिनच्या सीटला ओले फडके पुरते.

मात्र कापडी सीटवर बादलीने पाणी ओतू नका. आतला स्पंज पावसाळ्यात लवकर वाळत नाही. कुबट वास येतो, बुरशी धरते.

केस होऊच नयेत यासाठी जनावर बसवण्यापूर्वी सीटवर जुनी चादर किंवा गोधडी अंथरावी. कुत्र्याला आधी अंगणात विंचरावे, त्याच वेळी गोचीड आहेत का तेही पाहावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अधिक काळजी घ्यावी, कारण केसांबरोबर येणारा कातडीचा कोंडा आणि वाळलेली लाळ यांचाही काहींना त्रास होतो.

ही सफाई घरातील स्त्रीच्या किंवा ठराविक जातीच्या माणसाच्या गळ्यात मारू नये. ज्याची गाडी, त्याने हातमोजा घालावा. श्रमाची लाज कसली?

आणि केस पडतात म्हणून कुत्र्याला लाथाडू नये. तथागतांनी सांगितलेली मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. १९३४ साली राजगृहावर काढलेल्या बाबासाहेबांच्या कौटुंबिक छायाचित्रात माता रमाई आणि यशवंतराव यांच्यासोबत टॉबी हा त्यांचा लाडका कुत्राही आहे.

त्याच बाबासाहेबांना बालपणी, १९०१ च्या सुमारास, मसूर स्टेशनवर बैलगाडी मिळेना. भावंडांची जात कळताच गाडीवाले विटाळाला भिऊ लागले. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, माणसाला मात्र मनाई होती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला.

आज आपल्या मुलाच्या हाती स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग आहे. केस ही साधी घाण आहे, ती रबराने निघते. माणूस बसल्याने कुठलीही सीट कधीच बाटत नव्हती. तेव्हा येत्या रविवारी गाडी साफ करताना मुलांनाही सोबत घ्या, आणि हात चालू असताना त्यांना मसूरच्या त्या बैलगाडीची हकीकत सांगा. जयभीम!