कडेला उरलेली गाठ

फुफ्फुसातली गाठ उष्णतेने जाळली आणि काही महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा डोकावली, की घरचे विचारतात, ‘म्हणजे सगळं फुकट गेलं का?’ तसं नसतं. आधी पाहायचं ते गाठ नेमकी कुठून उगवली हे.

या उपचारात सीटी स्कॅनवर बघत बरगड्यांमधून सुई गाठीत नेतात. रेडिओफ्रीक्वेन्सी प्रवाहाने गाठ तापते; 60 अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. मात्र 100 च्या पुढे ऊतींचा कोळसा होतो आणि प्रवाहच अडतो. शेजारी 3 मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी असेल, तर वाहतं रक्त उष्णता पळवतं. मधोमध करपलेली, कडेला कच्ची राहिलेली भाकरी आठवा. जिवंत पेशी बहुधा अशाच कडेला उरतात.

त्या ओळखणं सोपं नाही. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये जळालेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठाच दिसतो, आणि रिपोर्ट वाचून घरात उगाच रडारड होते. तो हळूहळू आकसायला हवा. आकसल्यावर पुन्हा वाढू लागला किंवा कडेला नवा उंचवटा आला, तर संशय घ्यायचा. पेट स्कॅनही फार लवकर केला तर नुसती सूजच चमकते.

दुसऱ्यांदा जाळताना तीच सुई त्याच वाटेने घालण्यात अर्थ नाही. दिशा बदलतात, उरलेल्या कडेवर नेम धरतात, कधी मायक्रोवेव्ह वापरतात. ती ऊतींच्या विद्युतरोधावर तितकी अवलंबून नसते.

फ्रान्समधल्या विलज्विफ आणि बोर्दो इथल्या डॉक्टरांनी 2015 मध्ये 566 रुग्णांचा अनुभव मांडला. दुसऱ्या अवयवांतून फुफ्फुसात पसरलेल्या 1,037 गाठी त्यांनी जाळल्या होत्या. चार वर्षांत सुमारे 11 टक्के गाठी जागच्या जागी वाढल्या. फुफ्फुसात आजार पुन्हा वाढलेल्या काहींवर हा उपचार चार वेळापर्यंत सुरक्षितपणे झाला. मला या उपचाराचं खरं बळ इथेच दिसतं. शस्त्रक्रियेत दर खेपेला फुफ्फुसाचा तुकडा जातो, रेडिओथेरपीत आधीचा डोस आड येतो. इथे निरोगी फुफ्फुस बरंचसं शाबूत राहतं.

छातीत हवा साठण्याचा धोका मात्र प्रत्येक वेळी असतो. काहींना नळी घालावी लागते. शिवाय गाठ 3 सेंटिमीटरपलीकडे गेली, किंवा मोठ्या श्वासनलिकेला चिकटली, तर पुन्हा जाळण्याचा आग्रह डॉक्टरही धरत नाहीत. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत फेरतपासणीचा स्कॅन पुढे ढकलणं महागात पडतं.