वस्तऱ्याची सहाण

कठोपनिषदानें आत्मज्ञानाच्या वाटेस वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे; परंतु ती धार ज्या दगडावर घडते त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. संस्कृतांत त्या दगडास ‘शाण’ म्हणतात. त्याचेंच मराठी रूप ‘सहाण’ आतां चंदन उगाळण्यापुरतें उरलें आहे.

आमच्या वडिलांच्या वस्तऱ्याबरोबरचा असाच एक दगड अनेक वर्षें आमच्या न्हाणीघरांत टांचा घासण्याच्या कामीं लागला होता. पुढें कळलें कीं, तो बेल्जममधील आर्देन डोंगरांत, व्हिएलसाल्म गांवाच्या परिसरांत सांपडणारा ‘कोटिक्यूल’ होय. त्यांत सुमारें ५ ते १५ मायक्रॉन आकाराचे तामड्याचे कण खच्चून भरलेले असतात. तेच पोलादास घांसतात.

असा दगड ओळखावयाचा तर प्रथम साबणाच्या पाण्यानें जुनें तेल व मळ धुवून काढावा आणि भिंगानें कड पाहावी. पिवळसर थर, त्यास काळसर निळी पाटीच्या दगडाची पाठ व घासतांना दुधट खळ, हीं कोटिक्यूलचीं लक्षणें. अमेरिकेंतील अर्कान्सासचा ‘नोव्हाक्युलाइट’ गारगोटीच्या जातीचा. त्यावर सुरीनें चरा उठत नाहीं व उत्तम प्रतीची पातळ कड उजेडांत धरल्यास किंचित् झिरमिरीत दिसते. लॅटिन भाषेंत ‘नोव्हाक्युला’ म्हणजेच वस्तरा! या दगडावर तेल घालतात, कोटिक्यूलवर पाणी. मात्र केवळ रंगावर विसंबूं नये. लिंबाच्या रसाचा थेंब टाकून बुडबुडे आले तर तो चुन्याच्या जातीचा मऊ दगड. तो वस्तऱ्याच्या उपयोगाचा नव्हे.

ओळख पटली, पण रीत ठाऊक नव्हती. विळीस धार लावावी तसा आम्हीं वस्तरा तिरपा धरून दाबला आणि वडिलांनीं जन्मभर जपलेली धार पांच मिनिटांत घालविली. त्या दिवशीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं. शेवटीं आमच्या परिचयाच्या एका वृद्ध न्हाव्याकडे वस्तरा नेला. तो म्हणाला, “मास्तर, कापायचें काम दगडाचें आहे, आपण हात हलका ठेवावा.”

त्यानें दाखविलेली रीत अशी: दगड अगदीं सपाट असावा. वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळीं दगडावर टेकवाव्यात आणि धार पुढें करून वस्तरा सरकवावा. टोकास आल्यावर तो पाठीवरच उलटावा, धारेवर कधींही नव्हे. आरंभीं खळ दाट ठेवावी, म्हणजे पोलाद लवकर घासलें जातें. मग थेंब थेंब पाणी घालून ती विरळ करीत जावें व अखेरचे हात निव्वळ पाण्यावर द्यावे. नंतर चामोट्यावर उलट, म्हणजे पाठ पुढें करून, वस्तरा फिरवावा. धारेस दांते पडले असतील तर आधीं खरबरीत दगड लागतो. हा दगड अखेरच्या संस्कारासाठीं आहे.

महिनाभराच्या खटपटीनंतर वडिलांचा वस्तरा पुन्हां आमच्या गालावरून निःशब्द फिरला. आतां दगड वस्तऱ्याशेजारींच कापडांत गुंडाळून ठेवला आहे. टांचांसाठीं घरांत निराळी वज्री आणली आहे.